छताच्या पंख्याला दिवा जोडताना: आधी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे चुकतं

पंख्याला दिवा जोडायचं ठरलं की बहुतेक जण आधी दिवा घेऊन येतात, मग शिडी लावतात, आणि पंख्याची खालची वाटी उघडल्यावर त्यांच्या लक्षात येतं की इथे दिवा बसणारच नाही. तोवर पंखा अर्धा सुटलेला असतो. मग "आता उघडलंच आहे तर काहीतरी करून टाकू" म्हणून जे केलं जातं, ते धोक्याचं असतं. दुसरी चूक याहून जास्त दिसते: दिव्याची वायर सरळ पंख्याच्या वायरला जोडली जाते, म्हणजे रेग्युलेटरच्या पुढे, पंख्याच्या बाजूला. दिवा लागतो, काम झाल्यासारखं वाटतं, आणि थोड्याच दिवसांत तो लुकलुकायला लागतो किंवा जळतो.

म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी तपासणी, मग खरेदी आणि सर्वात शेवटी वायरिंग. पहिल्या तीन टप्प्यांत एकही वायर सोडवायची नाही. वायरचे जोड तुम्ही याआधी कधी केले नसतील तर हे तीन टप्पे स्वतः करा आणि पुढचं काम इलेक्ट्रिशियनला द्या. घरातल्या कायम वायरिंगमध्ये बदल करायला काही ठिकाणी परवानाधारक माणूसच लागतो. तुमच्याकडे तसा नियम आहे का, ते आधी बघून घ्या.

## टप्पा १: तळाची वाटी फिरते का?

सगळं काम या एका प्रश्नावर अवलंबून आहे, म्हणून इथे घाई नको.

पंखा अगदी कमी वेगावर लावा आणि पात्यांच्या मधोमध, तळाशी असलेल्या वाटीकडे खालून पाहा. नीट कळत नसेल तर पंखा बंद करून पूर्ण थांबू द्या. वाटीच्या कडेला पेन्सिलने बारीक खूण करा आणि पाती हाताने हळूच फिरवा. खूण पात्यांबरोबर फिरली तर वाटी फिरती आहे. पाती फिरूनही खूण जागची हलली नाही, तर वाटी स्थिर आहे.

साध्या पंख्यात मधला दांडा स्थिर असतो. तांब्याच्या तारेची वेटोळी त्या दांड्यावर बसवलेली असतात, आणि मोटरचं बाहेरचं कवच पात्यांसकट त्याच्याभोवती फिरतं. तळाची वाटी त्याच कवचाला स्क्रूने लावलेली असते, म्हणजे तीही फिरते. तिच्यावर दिवा लावला तर पंखा सुरू होताच वायर पिळल्या जाऊन तुटतील आणि उघडी टोकं पंख्याच्या धातूच्या अंगाला लागतील. अशा पंख्याला खालून दिवा जोडायचा विचार सोडून द्या. त्याला पर्याय आहेत, ते लेखाच्या शेवटाकडे सांगितले आहेत.

दिव्याची सोय असलेल्या पंख्यात मधला दांडा आरपार पोकळ असतो. त्याचं खालचं टोक मोटरच्या खाली बाहेर येतं आणि स्थिर वाटी त्या टोकाला अडकवलेली असते. वाटीच्या मधोमध बहुधा एक छोटं टोपण किंवा बूच असतं. ते दिव्याच्या जागेसाठीच ठेवलेलं असतं.

वाटी स्थिर निघाली तर आत काय आहे ते पाहायचं. पण त्यासाठी वाटी उघडावी लागते, आणि वाटी उघडण्याआधी टप्पा ५ प्रमाणे वीज बंद करून खात्री करायची आहे. आत दोन शक्यता असतात. एक, टोकांना टोपी किंवा टेप लावलेल्या दोन मोकळ्या वायर मिळतील. या दिव्यासाठी आधीच वरून खाली आणून ठेवलेल्या असतात आणि काम निम्म्याने सोपं होतं. दोन, दांडा पोकळ आहे पण वायर नाहीत. मग पंखा खाली उतरवून वायर ओवावी लागेल.

इशारा: दांडा भरीव असेल तर त्याला ड्रिलने भोक पाडू नका. पंख्याचं सगळं वजन त्या दांड्यावर असतं आणि बेअरिंगही त्याच्यावरच बसलेलं असतं.

बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा असेल तर आणखी एक गोष्ट. या पंख्यात मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि मोटरला जाणारा पुरवठा त्या सर्किटमधून येतो. त्या सर्किटच्या पुढच्या कोणत्याही वायरवरून दिव्यासाठी वीज घ्यायची नाही. पंख्याच्या माहितीपत्रकात दिव्याची सोय लिहिलेली असेल तरच पुढे जा, आणि त्याच मॉडेलसाठी सांगितलेला दिवा वापरा.

## टप्पा २: हूक आणि उंची

पंख्याचं वजन साधारण ४ ते ६ किलो असतं. दिवा, त्याची वाटी आणि काचेचा घुमट मिळून त्यात किलो-दीड किलोची भर सहज पडते. स्थिर टांगलेल्या वजनाची गोष्ट वेगळी आणि रोज कित्येक तास थरथरणाऱ्या वजनाची वेगळी, म्हणून हुकाकडे नीट पाहा.

वरची वाटी, म्हणजे छताला चिकटलेलं झाकण, सैल करून खाली सरकवा. यासाठीही वीज बंद हवी. हूक स्लॅबमध्ये पक्का आहे ना, की फक्त फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला लटकलेला आहे? पंखा ज्या ठिकाणी हुकावर टेकतो तिथे धातू झिजून खोबण पडली आहे का? हुकाभोवतीच्या गिलाव्याला तडा आहे का? रबरी बुश कडक होऊन फुटलेलं आहे का? आडव्या बोल्टला नट आहे आणि त्यातून स्प्लिट पिन आरपार जाऊन तिची दोन्ही टोकं वाकवलेली आहेत ना? यातलं काहीही खटकलं तर आधी ते दुरुस्त करा. दिवा थांबू शकतो.

आता उंची मोजा. पाती जमिनीपासून किमान २.१ मीटर वर हवीत हे बहुतेकांना माहीत असतं, पण दिवा पात्यांच्याही खाली येतो हे मोजताना विसरलं जातं. दिव्याची उभी लांबी धरून खालचं टोक कुठे येईल ते टेपने छतापासून मोजा आणि त्या उंचीखाली हात वर करून उभे राहून पाहा. पलंगाच्या वर पंखा असेल तर पलंगावर उभं राहिल्यावर काय होतं तेही बघा. चादर झटकताना काचेला धक्का लागणं सहज शक्य आहे. जागा कमी असेल तर लोंबता दिवा न घेता तळाला चिकटून बसणारा चपटा दिवा घ्या.

## टप्पा ३: दिव्याला वीज कुठून येणार?

बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात.

पंख्याच्या जागी छतातून साधारण तीन वायर आलेल्या असतात: रेग्युलेटरमधून आलेला फेज (वीज घेऊन येणारी वायर), न्यूट्रल (परतीची वायर) आणि अर्थिंग (सुरक्षेसाठी जमिनीला जोडलेली वायर). दिव्याला हवा असतो पूर्ण व्होल्टेजचा स्वतंत्र फेज. रेग्युलेटर पंख्याचा वेग कमी करण्यासाठी एक तर व्होल्टेज उतरवतो किंवा विजेच्या लहरीचा काही भाग कापतो. एलईडी दिव्याच्या आतलं सर्किट अशा तुटक पुरवठ्यासाठी बनवलेलं नसतं. ते गुणगुणतं, तापतं, दिवा लुकलुकतो आणि लवकर मरतो. "मी पंखा नेहमी फुल्लवरच ठेवतो" हे उत्तर चालत नाही, कारण घरातलं दुसरं कोणीतरी वेग कमी करणारच. शिवाय अशा जोडणीत पंखा बंद केला की दिवाही बंद होतो.

तेव्हा तीन मार्ग उरतात.

पहिला मार्ग, आणि माझ्या मते सर्वात चांगला: बोर्डापासून छतापर्यंत दिव्यासाठी फेजची एक नवी वायर ओढायची आणि बोर्डावर तिला वेगळं बटण द्यायचं. भिंतीतल्या पाइपात जागा असेल तर वायर ओढायच्या स्प्रिंगने हे होतं. दिव्याचा भार अगदी कमी असतो. १८ वॉटचा दिवा २३० व्होल्टवर ०.१ अँपिअरही घेत नाही. तरी वायर बारीक घेऊ नका. त्या सर्किटच्या बाकीच्या वायरइतकीच जाड घ्या, म्हणजे दिव्यांच्या सर्किटला साधारण १ किंवा १.५ चौरस मिलिमीटर. कारण एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच) सर्किटच्या वायरचा हिशेब धरून बसवलेला असतो. स्प्रिंग मध्येच अडकली तर जोर लावू नका, आतल्या जुन्या वायरचं आवरण सोललं जातं.

दुसरा मार्ग: पंखा आणि दिवा वेगळे चालवणारा रिमोटचा संच. त्याचा छोटा डबा वरच्या वाटीत बसतो. त्याला एक फेज आणि एक न्यूट्रल द्यायचा. तो पुढे पंख्याला आणि दिव्याला वेगवेगळी वायर देतो. नवी वायर ओढता येत नसेल तेव्हा हा मार्ग योग्य. पण भिंतीवरचा रेग्युलेटर वायरिंगमधून काढून तिथे साधं बटणच ठेवावं लागतं. रेग्युलेटरच्या पुढे रिमोटचा डबा लावणं म्हणजे वर सांगितलेलीच चूक. संच साध्या मोटरचा आहे की बीएलडीसीचा, आणि डबा वरच्या वाटीत मावतो का, हे घेण्याआधी पाहा.

तिसरा मार्ग: दिव्याला ओढायची साखळी असलेलं बटण. हा मार्ग फक्त तेव्हाच चालतो, जेव्हा भिंतीवर पंख्याला रेग्युलेटर नसतो आणि वेगही पंख्याच्याच साखळीने बदलतो.

इशारा: फेज कमी पडतो म्हणून अर्थिंगच्या वायरवरून दिव्याचा फेज नेऊ नका. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, म्हणून वेगळं लिहितो. असं केलं की पंख्याचं अर्थिंग जातं, आणि पुढे कधीतरी दुसरा कोणी ती हिरवी वायर सुरक्षित समजून हातात धरतो.

इशारा: दिव्याचा फेज ज्या सर्किटमधून घेतला, न्यूट्रलही त्याच सर्किटचा हवा. फेज शेजारच्या सर्किटचा आणि न्यूट्रल पंख्याचा असं केलं, आणि दोन्ही सर्किटांवर वेगवेगळे आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला प्रवाह जुळला नाही की वीज तोडणारे स्विच) असतील, तर दिवा लावताक्षणी आरसीसीबी उडेल. आरसीसीबी नसेल तर उडणार काहीच नाही, आणि ते जास्त वाईट. एक एमसीबी बंद करून काम करणाऱ्याला दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमधून झटका बसू शकतो.

## टप्पा ४: आता खरेदी

पंख्याच्या कंपनीचाच दिव्याचा संच मिळत असेल तर तोच घ्या. चुडीचं (आट्यांचं) माप आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर जुळवण्याचा त्रास वाचतो. दुसरा घ्यायचा तर पंख्याच्या तळाच्या चुडीचं माप घेऊन जा. संचावर जास्तीत जास्त किती वॉट असं लिहिलेलं असतं. पंख्यावरही दिव्यासाठी मर्यादा लिहिलेली असू शकते. दोन्हींपैकी लहान आकडा पाळायचा. काचेचा घुमट सगळीकडून बंद असेल तर बंद जागेत चालणारा एलईडी बल्ब घ्या. साधा बल्ब तिथे उष्णता कोंडून लवकर जातो.

साहित्यात शिडी (स्टूल किंवा खुर्ची नव्हे), मल्टीमीटर, इन्सुलेशन असलेले स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, वायर सोलायचं हत्यार, वायर जोडायचे कनेक्टर, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी), नवी स्प्लिट पिन आणि डोक्याला लावायची टॉर्च हवी. वीज बंद असताना काम करायचं आहे, म्हणून दिवसाउजेडी सुरू करा. पंखा उतरवायचा असेल तर दुसरा माणूस हवाच.

## टप्पा ५: वीज बंद करणं आणि ती बंद आहे याची खात्री

भिंतीवरचं बटण बंद करणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी बटण चुकून न्यूट्रलवर लावलेलं असतं. तिथे बटण बंद केल्यावर पंखा थांबतो, पण त्याच्या वायरमध्ये फेज तसाच उभा असतो.

1. त्या खोलीचा एमसीबी बंद करा. शक्य असेल तर मेन स्विचच बंद करा.
2. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा आणि त्याची घराकडे जाणारी जोडणी तोडा. मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर स्वतःहून सुरू होतो, आणि पंख्याचा पॉइंट बहुधा त्याच्यावरच असतो. हे विसरण्यासारखं नाही.
3. एमसीबीवर टेप लावा आणि घरातल्यांना सांगून ठेवा.
4. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी घरातल्या दुसऱ्या चालू पॉइंटवर तपासा. मेन बंद करणार असाल तर ही पहिली तपासणी तो बंद करण्याआधीच उरका. मग पंख्याच्या वायरवर तपासा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग, न्यूट्रल-अर्थिंग. शेवटी पुन्हा चालू वीज असलेल्या जागी तपासून मीटर मध्येच बंद पडला नाही ना, ते पाहा.

खिशातल्या टेस्टरवर एकट्यावर विसंबू नका. तो पेटला तर वीज आहे हे नक्की. पण तो पेटला नाही म्हणून वीज नाही, असं म्हणता येत नाही. लाकडी किंवा प्लास्टिकच्या शिडीवर उभं राहिल्यावर टेस्टरचा दिवा इतका मंद लागू शकतो की उजेडात दिसतच नाही.

पंख्याच्या वरच्या वाटीत कपॅसिटर असतो, ज्याला बरेच जण कंडेन्सर म्हणतात. वीज बंद झाल्यावरही त्यात थोडा भार राहू शकतो. या कामात त्याचे जोड उघडावे लागत नाहीत, म्हणून त्याला हातच लावू नका.

तपासणी: तिन्ही मापं शून्याच्या जवळ आली? मगच पुढचा टप्पा.

## टप्पा ६: फोटो, खुणा आणि (गरज असेल तर) पंखा उतरवणं

काहीही सोडवण्याआधी वरच्या वाटीतल्या जोडांचे दोन-तीन कोनांतून फोटो काढा. प्रत्येक वायरला कागदी टेप गुंडाळून नाव लिहा: पंखा फेज, न्यूट्रल, अर्थिंग, दिवा फेज. फोटो पुरेसा वाटतो, पण काळवंडलेल्या जुन्या वायरचा रंग फोटोत ओळखू येत नाही.

दिव्याच्या वायर आधीच असतील तर पंखा उतरवायची गरज नाही. थेट टप्पा ८ वर जा.

उतरवायचा असेल तर आधी पाती काढा आणि कोणतं पातं कुठल्या जागी होतं ते मागे पेन्सिलने लिहून ठेवा. ज्या जागचं पातं त्याच जागी गेलं तर पंखा नंतर डगमगण्याची शक्यता कमी होते. मग वायर सोडवा, एकाने मोटरचं वजन दोन्ही हातांनी पेलून धरा, दुसऱ्याने पिन आणि बोल्ट काढा.

## टप्पा ७: दांड्यातून वायर ओवणं

दिव्यासाठी फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन लवचीक वायर घ्या. उष्णता सहन करणारं आवरण असलेल्या घेतल्या तर उत्तम, कारण मोटरच्या पोटातून जाताना त्या कायम गरम जागेत राहणार आहेत. दांड्याच्या तोंडाला धारदार कडा असेल तर ती कानशीने घासा आणि रबरी ग्रोमेट बसवा. आधी ग्रोमेट, मग वायर. उलट क्रमाने केलं की ग्रोमेट बसत नाही म्हणून सोडून दिलं जातं, आणि काही महिन्यांनी थरथरून त्याच कडेवर वायर कापली जाते.

वर आणि खाली दोन्हीकडे २० सेंटीमीटर तरी जास्तीची वायर ठेवा. मधल्या भागात, दांड्याच्या आत, कुठेही जोड नको.

तपासणी: मल्टीमीटर सलगता (कंटिन्युइटी) मोजण्यावर ठेवून प्रत्येक वायरचं वरचं आणि खालचं टोक जुळतं का ते पाहा. कोणतीही वायर दुसऱ्या वायरशी किंवा दांड्याच्या धातूशी जोडलेली दिसता कामा नये. पाती हाताने फिरवून वायरला काही घासत नाही ना, तेही आत्ताच बघा.

## टप्पा ८: वरच्या वाटीतले चार जोड

रंगांवर विश्वास ठेवू नका, वायर ओळखून घ्या. याचं एक ठोस कारण आहे. काही पंख्यांत दिव्याच्या फेजची वायर निळी असते, आणि घरातल्या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय रंगसंगतीत निळा हा न्यूट्रल असतो. "निळीला निळी" असं जोडलं की दिव्याचा फेज न्यूट्रलला जातो. पंख्यात आधीपासून असलेल्या वायर माहितीपत्रकावरून आणि सलगता मोजून ओळखा, मग जोडा.

1. अर्थिंग: छतातली अर्थिंगची वायर, पंख्याच्या धातूच्या अंगाची वायर आणि दिव्याच्या धातूच्या वाटीची वायर एकत्र. हा जोड सर्वात आधी करा.
2. न्यूट्रल: छतातला न्यूट्रल, पंख्याचा न्यूट्रल आणि दिव्याचा न्यूट्रल एकत्र.
3. पंख्याचा फेज: रेग्युलेटरकडून आलेली वायर फक्त पंख्याला.
4. दिव्याचा फेज: नव्या बटणाकडून आलेली वायर फक्त दिव्याला.

रिमोटचा संच असेल तर तिसरा आणि चौथा जोड संचाच्या बाहेर जाणाऱ्या वायरवरून होतात आणि छतातला फेज संचाच्या आत जाणाऱ्या वायरला लागतो.

वायर पिळून वर टेप गुंडाळणं हा जोड नव्हे. पंखा थरथरतो, वाटीत उष्णता साठते, टेपचा गोंद पातळ होतो आणि पीळ सैल पडतो. कनेक्टर वापरा. त्यावर लिहिलं असेल तितकीच वायर सोला, बहुधा एक सेंटीमीटरच्या आसपास. बहुतारी वायर असेल तर तारा एकत्र पिळा किंवा टोकाला फेरूल (दाबून बसवायची धातूची छोटी नळी) बसवा, एकही तार बाहेर राहू देऊ नका.

तपासणी: प्रत्येक वायर स्वतंत्र धरून हलकेच ओढा. निसटली तर जोड झालेलाच नव्हता. कनेक्टरच्या बाहेर तांबं दिसता कामा नये. जोड वाटीत नीट रचून ठेवा आणि झाकण वर सरकवताना कडेत वायर चेपत नाही ना, ते बोटाने चाचपून पाहा.

## टप्पा ९: दिवा बसवणं

पंखा उतरवला असेल तर आधी तो टांगा, बोल्ट-नट घट्ट करा, नवी स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवा आणि पाती आपापल्या जागी लावा. मग खालचे जोड: फेज, न्यूट्रल, अर्थिंग, वरच्याच पद्धतीने. चुडीचा होल्डर असेल तर फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल बाहेरच्या चुडीला जायला हवा. उलटं झालं तर दिवा लागेलच, पण बल्ब बदलताना बोट चुडीला लागलं की झटका बसेल.

दिव्याची वाटी पंख्याच्या बरोबर मध्यावर बसवा आणि तिचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. काचेचा घुमट मात्र अतिघट्ट नको. काच तापल्यावर थोडी फुगते, जागा मिळाली नाही तर तडकते.

## टप्पा १०: चाचणी

शिडी बाजूला घ्या, मग एमसीबी चालू करा. आधी फक्त दिवा. मग दिवा बंद करून फक्त पंखा, सर्वात कमी वेगावर. मग दोन्ही एकत्र, आणि पंख्याचा वेग एकेक पायरीने वाढवत न्या. प्रत्येक पायरीवर दिव्याकडे पाहा; उजेडात काही फरक पडता कामा नये. शेवटी पूर्ण वेगावर १५ मिनिटं दोन्ही चालू ठेवा.

काही बिघडलं तर लक्षणावरून कारण बऱ्यापैकी सापडतं:

- पंख्याचा वेग बदलला की उजेड बदलतो: दिवा रेग्युलेटरच्या पुढे जोडला गेला आहे. टप्पा ३ पुन्हा वाचा.
- एमसीबी लगेच उडतो: फेज कुठेतरी न्यूट्रलला किंवा धातूला लागला आहे. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. वीज बंद करून वरच्या वाटीच्या कडेला चेपलेली वायर शोधा.
- आरसीसीबी दिवा लावतानाच उडतो: न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा घेतला आहे, किंवा न्यूट्रल अर्थिंगला लागतो आहे.
- दिवा बंद केल्यावरही मंद उजेड राहतो: बटणात लाल खुणेचा दिवा असेल तर त्यातून जाणारा बारीकसा प्रवाह याला पुरतो, साधं बटण लावा. तसा दिवा नसेल तर बटण न्यूट्रलवर आहे का ते तपासा, कारण ती गंभीर चूक आहे.
- पंखा गुणगुणतो पण फिरत नाही: कपॅसिटरची वायर काम करताना सुटली आहे.
- पंखा डगमगतो: आधी पात्यांचे स्क्रू, मग पात्यांची जागा, मग दिव्याची वाटी मध्यावर आहे का, या क्रमाने पाहा. वजनं चिकटवून तोल साधणं सर्वात शेवटी.

डिमरबद्दल बरेच जण विचारतात. डिमरवर चालणारा एलईडी असेल तरच दिव्याला डिमर लावा. आणि दिव्याचा डिमर पंख्याला कधीही लावू नका. तो मोटरसाठी बनवलेला नसतो, मोटर गुणगुणते आणि तापते.

## वाटी फिरती असेल तर

खालून दिवा बसत नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही. छताला लागून वर, दांडीभोवती दिवे बसवायची एक पद्धत आहे, पण तिच्यात उजेड फिरत्या पात्यांतून खाली येतो. खोलीभर सावल्या लपलपतात आणि वाचन करणाऱ्याचे डोळे शिणतात. उजेड वर छतावर टाकून तिथून परतवला तर हा त्रास बराच कमी होतो. तरी वाचायच्या खोलीत मी ही पद्धत सुचवणार नाही.

त्यापेक्षा पंख्याला हात न लावता पात्यांच्या घेराबाहेर छतावर किंवा भिंतीवर वेगळा दिवा द्या. वायर तीच लागते, बटण तेच लागतं, आणि पंख्याचं वजन वाढत नाही. खोलीत दिवा पंख्यालाच हवा असा आग्रह असेल तर दिव्यासकट बनवलेला पंखा घ्या आणि त्यासाठी टप्पा २ व ३ तसेच पाळा.

काम संपल्यावर साधारण आठ दिवसांनी पुन्हा एकदा एमसीबी आणि इन्व्हर्टर बंद करा, वीज नसल्याची खात्री करा आणि शिडी लावा. दिव्याच्या वाटीचे स्क्रू, पात्यांचे स्क्रू आणि वरच्या वाटीचा स्क्रू हाताने तपासा. एखादा तरी अर्धा वळसा सैल झालेला सापडतोच. तो आवळा, वरच्या वाटीत डोकावून कुठला कनेक्टर काळवंडला किंवा मऊ पडला नाही ना, ते पाहा, आणि झाकण परत वर सरकवा.